शेजारच्या सीटवरची ‘ती’

“ताई, पासष्ट माणसांचा नाश्ता आहे. पोहे, शिरा, चहा. पण मंडळी नुसती खायला येत नाहीत हं, गाड्या घेऊन येताहेत. जुन्या गाड्या!”

आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाईंचा हा फोन गेल्या डिसेंबरच्या शेवटी आला. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या जुन्या मोटारी सांभाळणाऱ्या मंडळींचा एक गट आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एका रविवारी सगळ्यांनी आपापली गाडी काढायची, एकामागोमाग एक शंभर-दीडशे किलोमीटर फिरायचं, वाटेत कुठंतरी थांबून खायचं, गप्पा मारायच्या आणि संध्याकाळी घरी. त्याला ते ‘रन’ म्हणतात. जानेवारीतली रन वाईला यायची होती आणि मेणवलीच्या घाटावर नाश्त्याचं काम आमच्या गटाला मिळालं होतं.

गटाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा बायकांनी हसून घेतलं. “आवं ताई, आमची मोटरसायकल जुनी झाली तर मालक रोज शिव्या घालत्यात तिला. आन् ही मान्सं जुनी गाडी बघाया पैसं खर्च करत्यात?” मीही हसले. खरं सांगायचं तर मलाही तो पैसेवाल्यांचा चोचलाच वाटत होता. आपण सहा किलो पोहे भिजवायचे, पैसे घ्यायचे आणि मोकळं व्हायचं, एवढाच माझा हिशेब. पण त्या दिवशी मेणवलीला जे पाहिलं, ऐकलं, ते तुम्हा मैत्रिणींना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

घाटावरची जत्रा

मेणवली तुम्हाला ठाऊक असेलच. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा सुंदर दगडी घाट आणि ती प्रसिद्ध पोर्तुगीज घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हाच्या विजयाची ती खूण. ‘स्वदेस’ सिनेमात हा घाट सगळ्या देशाने पाहिला. त्या घाटाजवळच्या मोकळ्या जागेत, पहाटे सहाला कऱ्हाडहून निघालेली मंडळी पाचवडला महामार्ग सोडून साडेआठच्या सुमारास येऊन पोचली.

आधी आवाज आला. आजकालच्या गाड्या मांजरीसारख्या येतात, कळतसुद्धा नाही. या गाड्या खाकरत, धापा टाकत, हॉर्नचे वेगवेगळे सूर काढत आल्या. फियाट, अ‍ॅम्बेसेडर, तिच्याही आधीची लँडमास्टर, गुबगुबीत मॉरिस मायनर, कासवासारखी फोक्सवॅगन, मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड, दोन विलीज जीप. अशा चोवीस गाड्या. शेवटी एक लाल मारुती ८०० आली तेव्हा आमच्या पोरी ओरडल्या, “ही कसली जुनी?” अगं बायांनो, पहिल्या मारुतीची किल्ली इंदिरा गांधींनी १४ डिसेंबर १९८३ ला मालकाच्या हातात दिली. चाळीस वर्षं उलटून गेली की! जगभरातल्या जुन्या गाड्यांच्या संघटना सर्वसाधारणपणे तीस वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक मानतात. तीस वर्षं म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लग्नातली गाडी की हो ही.

आणि मग जी जत्रा जमली! शेतावर निघालेली माणसं थांबली. शाळेतली पोरं जमली. नऊवारीतल्या एक आजी काठी टेकत आल्या आणि एका पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरच्या बोनेटवरून हात फिरवत म्हणाल्या, “आमच्या थोरलीची पाठवणी आसल्याच गाडीतनं झालती. मागनं मी लई रडले हुते.” गाडीच्या मालकाने आजींना हाताला धरून आत बसवलं आणि गावातून एक फेरी मारून आणली. परत उतरताना आजींनी गाडीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. दृष्ट काढली म्हणा ना!

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या गाड्या ज्याच्या नावावर आहेत त्याच्या एकट्याच्या नसतात. सगळ्या गावाच्या आठवणी त्यात बसलेल्या असतात. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची जर्मन बनावटीची मेबॅक गाडी निघते, ती पाहायला लोक दसरा चौकात दाटीवाटीने उभे राहतात, ते काय उगाच?

हे वेड आलं कुठून?

चहा देता देता मी त्यांच्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांना विचारलं, “ही रनची पद्धत आपल्याकडची की बाहेरची?” त्यांनी छान माहिती दिली. इंग्लंडमध्ये पूर्वी असा कायदा होता की यंत्रावर चालणाऱ्या गाडीच्या पुढे एक माणूस पायी चालला पाहिजे. १८९६ साली ही अट गेली आणि वेगाची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर झाली. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ ला मोटारवाले लंडनहून ब्रायटनला गेले. त्याची आठवण म्हणून १९२७ पासून तिथे जुन्या गाड्यांची रन होऊ लागली. मधली युद्धाची वगैरे वर्षं सोडली तर अजून चालू आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी निघते आणि तिच्यात १९०५ च्या आधी बनलेल्याच गाड्या घेतात!

आपल्याकडे ‘स्टेट्समन’ या इंग्रजी दैनिकाने दिल्लीत १९६४ साली आणि कोलकात्यात १९६८ साली जुन्या गाड्यांची रॅली सुरू केली. मुंबईतही असे क्लब बरीच वर्षं आहेत. पण आता जिल्ह्याजिल्ह्यांत असे छोटे गट झालेत. त्यांच्याकडे राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस नसतात. असतात त्या वडिलांच्या फियाटी आणि मामांच्या जीपा.

मला तर हेच जास्त आवडलं. वालचंद हिराचंद या आपल्या सोलापूरच्या उद्योगपतीने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट पुढे, १९७४ च्या सुमारास, ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. गाडीला बाईचं नाव! त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा जमाना २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपला, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले होते. अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन तर २०१४ सालीच थांबलं.

बायका कुठे आहेत?

पोहे वाढताना माझी नजर सवयीने बायकांना शोधत होती. होत्या की! पंधरा-सोळा जणी होत्या. पण चोवीस गाड्यांपैकी किती गाड्यांच्या चाकामागे बाई होती? एका. बाकीच्या सगळ्या शेजारच्या सीटवर. मांडीवर थर्मास, पायाशी पाण्याचा कॅन, हातात ओला टॉवेल.

हा ओला टॉवेल कशाला, असं मी विचारलं तेव्हा एक वहिनी हसायला लागल्या. “अहो, आमच्या ह्या बाईसाहेबांचं डोकं तापतं ना!” म्हणजे असं, की जुन्या गाडीत इंजिनाची उष्णता पेट्रोलच्या पंपाला आणि नळीला लागली की आत पेट्रोलची वाफ होते आणि इंजिनाला पेट्रोल पोचत नाही. गाडी बंद. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं, गाडी पुन्हा चालू. तापाच्या पेशंटच्या कपाळावर घडी ठेवावी तसंच!

दुसऱ्या एका ताईंच्या मांडीवर वही होती. काही रनमध्ये शर्यत नसते पण परीक्षा असते. अमुक अंतर अमुक सरासरी वेगानेच पार करायचं. उशिरा पोचलात तर गुण जातात आणि लवकर पोचलात तरी जातात. वाटेतल्या ठिकाणी वेळ नोंदवतात. हा सगळा हिशेब शेजारी बसणाऱ्याने करायचा. त्याला नॅव्हिगेटर म्हणतात. त्या ताई म्हणाल्या, “यांना वाटतं, आपण गाडी चालवतो म्हणून बक्षीस मिळतं. पण ‘आता हळू’, ‘आता जरा दामटा’, हे मी सांगते म्हणून मिळतं. कुकरच्या शिट्ट्या मोजत तीन कामं करणाऱ्या बाईला हे गणित काय अवघड?”

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट मला खटकली. प्रत्येक गाडीच्या काचेवर एक पाटी होती. गाडीचं नाव, साल आणि मालकाचं नाव. ओला टॉवेल धरणारीचं, वही सांभाळणारीचं नाव कुठेच नव्हतं.

तेव्हा मी त्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगितली. कार्ल बेंझने १८८६ साली मोटारीचं पेटंट घेतलं हे शाळेत शिकवतात. पण त्याच्या कामात लग्नाआधीच पैसा घातला होता तो बर्थाने, स्वतःच्या हुंड्याचा. गाडी तयार झाली, पण लोक घेईनात. नवरा निराश. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन, गाडी काढून मानहाइमहून शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या आपल्या माहेरी फोर्झहाइमला गेली. पेट्रोल पंप तेव्हा नव्हतेच. एका औषधाच्या दुकानातून तिने इंधन घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. विजेच्या तारेला मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले तर वाटेत चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली, तेव्हा घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, “चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे.” जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास बाईने केला, आणि तोही माहेरपणासाठी!

आमच्या गटातल्या बायका पोह्यांचा डाव हातात धरून ऐकत राहिल्या. एक जण म्हणाली, “बगा, म्हायेरला जायाचं म्हटल्यावर बाईला काय बी सुचतं.”

डॉक्टरीणकाकू

आता त्या एका गाडीकडे येते. पांढरी, १९६८ सालची फियाट. तीन इंग्रजी अक्षरांची जुनी नंबरप्लेट. चाकामागे साध्या सुती साडीतल्या, चष्मा लावलेल्या, त्रेसष्ट वर्षांच्या काकू. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी त्यांच्या यजमानांचा दवाखाना होता. सगळं गाव त्यांना डॉक्टरीणकाकू म्हणतं.

घाटाच्या पायरीवर बशीतला चहा फुंकत त्यांनी सांगितलं, “आम्ही ही गाडी सेकंडहँड घेतली. आडगावात, रात्री-अपरात्री हिच्यातूनच पेशंट बघायला जायचे. बाळंतपण असलं की मला बरोबर नेत. चाळीस वर्षं मी डावीकडे बसले. सुरुवातीला एकदा म्हटलं होतं, मलाही शिकवा. तर म्हणाले, ‘तुला कशाला? मी आहे ना!’ रागाने नाही हो, प्रेमानेच म्हणाले. मलाही ते गोड वाटलं. मग पुन्हा कधी विचारलं नाही.”

काकूंचे यजमान गेले त्याला आता तीन वर्षं होतील. मुलगा पुण्याला. गाडी अंगणात ताडपत्रीखाली. टायर बसले, आत उंदरांनी घर केलं. भंगारवाला दारात येऊन पंचवीस हजार सांगून गेला. मुलगा म्हणाला, देऊन टाक, उगाच अडचण. काकूंनीही होकार दिला होता. “पण ताडपत्री काढली आणि दरवाजा उघडला, तर आत त्यांच्या औषधाच्या पेटीचा वास! वर्षभर बंद होती तरी. मी आत जाऊन बसले. सवयीने डावीकडेच. आणि शेजारची रिकामी सीट बघून कधी नव्हे इतकं रडू आलं. मग मनात आलं, ‘मी आहे ना’ म्हणणारा माणूस नाही. पण मी तर आहे ना?”

मैत्रिणींनो, हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

काकूंनी भंगारवाल्याला परत पाठवलं. जुन्या गाड्यांच्या गटातल्या कुणीतरी एका सत्तरीच्या मिस्त्रींचं नाव सांगितलं. त्यांनी दोन महिने येऊन गाडी उभी केली. कार्बोरेटर साफ केला, ब्रेक नवे केले, पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदलल्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर लवकर खराब होतं, म्हणून नळ्या वेळच्या वेळी बघाव्या लागतात. हे सगळं काकू आम्हाला पाककृती सांगावी तसं सांगत होत्या. मग मिस्त्रींनीच त्यांना मैदानात गाडी शिकवली. हिचा गिअर खाली नसतो, स्टेअरिंगलाच असतो. “पहिले आठ दिवस गिअर टाकताना वायपर चालू करायचे मी!” मग शिकाऊ परवाना, चाळिशीनंतर लागतं ते डॉक्टरांचं प्रमाणपत्र, चाचणी आणि बासष्टाव्या वर्षी पक्का परवाना. या वयात तो पाच वर्षांसाठीच मिळतो. “पाच तर पाच. पुढचं पुढे,” काकू म्हणाल्या.

कागदपत्रांचं काय?

समाजकार्य करताना विधवा बायकांचे कागदपत्रांचे हाल मी नेहमी बघते, म्हणून तेही विचारलं. गाडी यजमानांच्याच नावावर राहिली होती. हे आपल्याकडे घरोघरी होतं. मोटार असो नाहीतर मोटरसायकल, ती त्यांच्याच नावावर राहते आणि मुलगा चालवत राहतो. पण नियम असा आहे की मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत ३१ नंबरच्या फॉर्मवर वारसाच्या नावाने गाडी करून घेण्यासाठी अर्ज करायचा. काकूंना उशीर झाला, म्हणून दंड भरावा लागला, दोन-तीन हेलपाटेही झाले. गटातले एक जण बरोबर गेले म्हणून निभावलं.

२०२१ सालापासून गाडीच्या नोंदणीतही नॉमिनी, म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती, लावता येते. बँकेत लावतो तशीच. तुमच्या घरच्या गाडीला नॉमिनी आहे का? आजच विचारा. तसंच गाडी भंगारात द्यायची असेल, तर मान्यताप्राप्त केंद्रातच द्या, तिथलं प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नुसती दारावरच्या भंगारवाल्याला दिलीत आणि ती कुठे वापरली गेली, तर निस्तरणं तुमच्या घरी येतं.

२०२१ च्याच जुलैत सरकारने पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. पहिल्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांना रस्त्यावर आणायची, रोजच्या वापराला नाही. काकूंना गटातल्यांनी हेही सुचवलं होतं. त्यावर काकूंचं उत्तर ऐका. “मला मिरवायला नको आहे. मला मंडईत न्यायची आहे, आणि बहिणीकडे कोल्हापूरला जायचं आहे.” त्यांनी साधीच नोंदणी ठेवली. दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याची फी १० हजार झाली आहे. काकू महिन्याला दोनशे रुपये त्यासाठी डब्यात टाकतात. पाच वर्षांत बारा हजार होतात, म्हणाल्या. याला म्हणतात बाईचा हिशेब!

पसरणीचा चढ

नाश्ता झाला आणि मंडळी पसरणीच्या घाटाने पाचगणीला निघाली. चहाची भांडी वर पोचवायची होती, म्हणून आम्हीही टेम्पोतून मागे. वाईहून पाचगणी बारा-तेरा किलोमीटरच, पण चढ कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. निम्म्या घाटात काकूंची फियाट रस्त्याच्या कडेला थांबलेली दिसली. बोनेट वर. मला वाटलं, संपलं. दोन-तीन तरुण मुलं धावली. “काकू, सरका, आम्ही नेतो वर.”

काकू म्हणाल्या, “काही झालेलं नाही रे. पाणी तापलंय तिचं. मीच थांबवली.” एकाने रेडिएटरच्या झाकणाला हात घातला तर अशा ओरडल्या, “हात लावू नकोस! गरम असताना उघडलंस तर वाफेनं तोंड भाजेल.” मग निवांत कठड्यावर बसल्या. आम्हीही बसलो. खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं. वीस मिनिटांनी फडक्याने झाकण हळूच उघडलं, पाणी भरलं. तोपर्यंत पुढे गेलेल्या चार गाड्याही कडेला उभ्या राहिल्या होत्या आणि हत्यारांची पेटी असलेली जीप सगळ्यांच्या मागे थांबून होती. रनचा हा नियमच आहे. कुणालाही मागे सोडायचं नाही. ज्याची गाडी बंद पडेल त्याच्यासाठी बाकीच्यांनी थांबायचं.

मी मनात म्हटलं, हा नियम आपण घरात, समाजात लावला असता तर? नवरा गेलेली, माहेर तुटलेली, पन्नाशीत एकटी पडलेली अशी कितीतरी माणसं आपल्या रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभी असतात. आपण हॉर्न देऊन पुढे जातो.

काकूंनी गाडी चालू केली, पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि सावकाश, एकदाही न थांबता वर नेली. पाचगणीला पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी फक्त बोनेटवर थोपटलं. दमलेल्या बैलाच्या पाठीवर थोपटतात ना, तसं.

थोडं खटकलं तेही सांगते

सगळंच गोड लिहिलं तर ते खोटं होईल. स्ट्रॉबेरी खात बायका मोकळ्या झाल्या तेव्हा दुसरी बाजूही कळली. एक जण म्हणाली, “गाडीचा रंग तीनदा झाला, माझ्या स्वयंपाकघराचा एकदाही नाही.” दुसरीच्या घरी आयात केलेल्या एका सुट्या भागापायी मुलीच्या क्लासची फी थकली होती. छंद कितीही चांगला असला तरी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या गरजेवर उभा राहू नये, एवढं तर खरं ना? शिवाय या गाड्यांचा धूर आजच्या गाड्यांपेक्षा जास्त. महिन्यातून एकदा फिरतात म्हणून चालतं, असं ते म्हणतात. ते मला पटतं, पण गाडी नीट ट्यून केलेली असलीच पाहिजे. आणि ज्या बायकांना दवाखान्यात जायला वेळेवर एस.टी. मिळत नाही, त्यांच्या गावातून आपण हौसेने मिरवतो, याचं भान असावं.

निघताना मी गटाच्या मंडळींपुढे हे सगळं बोलले. जरा भीतभीतच. म्हटलं, तीन गोष्टी करा. पाटीवर शेजारी बसणारीचंही नाव लिहा. जिथे जाल तिथला नाश्ता-जेवण तिथल्या बचत गटाकडूनच घ्या. आणि तुमच्या घरातल्या बायकांना निदान गाडी चालू-बंद करणं, चाक बदलणं आणि कागद कुठे ठेवलेत हे शिकवा. थोडी शांतता पसरली. मग ते निवृत्त प्राध्यापक म्हणाले, “ताई, पाटी पुढच्या वेळी बदललेली दिसेल.”

मार्चमधल्या रनचे फोटो काकूंनी मला मोबाइलवर पाठवले. पाट्यांवर दोन-दोन नावं आहेत. सगळ्या नाही, पण बऱ्याच गाड्यांवर. चाकामागे आता तीन बायका आहेत. बाकीच्या दोन गोष्टींचं काय होतं ते बघायचं. आमच्या गटाला मात्र त्या एका सकाळीचे सव्वापाच हजार मिळाले आणि पुढच्या हिवाळ्याचं कामही पक्कं झालं.

काकूंनी फोटोखाली एक ओळ लिहिली होती. “गाडीला नॉमिनी लावला. सुनेचं नाव. आणि तिला सांगितलंय, नुसती नावाला नाही, चालवायलाही शिकायचं.”

परवा आमच्या गटातली एक तरुण मुलगी, घरच्या टेम्पोत भाजी भरून देणारी, मला हळूच म्हणाली, “ताई, मला बी शिकायचाय त्यो टेम्पो. ह्यांना कसं सांगू?” मी तिला म्हटलं, “आजच सांग. ‘मी आहे ना’ म्हणाले, तर म्हणावं, तुम्ही आहात तोवरच शिकवा.”